चूक कुणाची, सही कुणाची?

(भंडारा जिल्ह्यातील महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला आज बोलायला दिलेला विषय आहे 'पहिली नोकरी करणाऱ्या मुली आणि कार्यालयीन कामाच्या पद्धती'. विषय ऐकून काहीजणींना जांभई आली असेल, तर मी समजू शकते. मारहाण, हुंडा, बलात्कार या प्रश्नांवर आपण रात्र रात्र बोलतो. मस्टर, पोच, जावक क्रमांक, राजीनामा या शब्दांवर शिबिराचं एक सत्र घालवावं, असं आपल्याला सहसा वाटत नाही. पण आमच्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या तरुण मुलींपैकी बऱ्याच जणींचं नुकसान नेमकं या शब्दांपाशी झालेलं असतं, आणि त्याविषयी बोलायची त्यांना फार लाज वाटते. साहेब कसा वागला हे त्या एकवेळ सांगतात. "मी कशावर सही केली ते मलाच कळलं नाही," हे सांगताना मात्र मान खाली जाते. ही लाज येते कुठून आणि तिचा फायदा कुणाला होतो, एवढंच मला आज मांडायचं आहे.

आपला जिल्हा धानाचा, बिडीचा, तेंदूपत्त्याचा. आपल्या आया, आज्या रोवणीला गेल्या, निंदणाला गेल्या, घरी बसून बिड्या वळल्या. त्या कामात कष्ट होते, फसवणूकही होती, पण टेबल-खुर्ची नव्हती आणि कागद फारसा नव्हता. आता त्यांच्या मुली बी.ए., बी.कॉम. होऊन दुकानात, पतसंस्थेत, खाजगी दवाखान्यात, शाळेत, कॉम्प्युटरवर नोंदी करायच्या कामावर लागतात. पगार मिळवणारी घरातली ती पहिलीच बाई असते. ज्या घरात बाप कारकून किंवा मास्तर आहे, तिथल्या मुलीला किरकोळ रजा म्हणजे काय, अर्जाची दुसरी प्रत का ठेवायची, हे जेवताना कानावर पडून कळतं. रोवणीला जाणाऱ्या बाईच्या घरात नियुक्तिपत्र कुणी पाहिलेलंच नसतं. तेव्हा मुलगी शिकली म्हणजे तिला हे येतच असणार, असं मानणं चूक आहे. कॉलेजात हे शिकवत नाहीत. आम्हाला समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासातसुद्धा व्यक्तिसहाय्य, गटकार्य, समुदाय संघटन सगळं होतं. मस्टरवर सही कशी करावी हे नव्हतं.

एका मुलीची हकीकत सांगते. तिच्या संमतीनं सांगते आहे. ती ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, आणि गाव, तालुका, कार्यालय यांची नावं घेणार नाही.

वय बावीस. घरी दीड एकर धानाची शेती. एका आठ माणसांच्या कार्यालयात ती पावत्या फाडणं आणि नोंदी करणं हे काम करत होती. नियुक्तिपत्र नव्हतं, पगार रोख मिळे. तिच्या टेबलाचा हिशेब तपासणारा एक वरिष्ठ पुरुष होता. आधी कपड्यांवरून बोलणं, मग हिशेब जुळत नाही म्हणून उशिरापर्यंत थांबवणं, मग मागे उभं राहून खांद्यावर हात. तिनं दोन महिने सहन केलं. शेवटी धीर करून कार्यालयाच्या प्रमुखाला सांगितलं. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "असं तोंडी चालत नाही बेटा, लिहून द्यावं लागते." कागदही त्यानंच पुढे केला आणि मजकूरही त्यानंच सांगितला: घरगुती कारणास्तव मला सध्याच्या कामातून कार्यमुक्त करण्यात यावे, ही विनंती.

तिला वाटलं, हीच तक्रारीची रीत असेल. 'सध्याच्या कामातून' म्हणजे त्या टेबलावरून. तिच्या ओळखीतल्या एका मास्तरांची बदली झाली होती, तेव्हा त्यांना जुन्या शाळेतून कार्यमुक्त केलं होतं. म्हणजे आपल्यालाही दुसऱ्या टेबलावर बसवतील. 'घरगुती कारण' कशाला, असं तिनं विचारलंही. तो म्हणाला, "तुझीच बदनामी नको म्हणून." तिनं लिहिलं, सही केली. दुसऱ्या दिवशी कामावर गेली तर मस्टरवर नाव नाही. शिपाई म्हणाला, तुम्ही त राजीनामा देला न ताई.

पुढचं तुम्ही ओळखू शकता. कार्यालयात हसू झालं. बी.कॉम. झाली अन् राजीनामा कशाले म्हंतेत ते समजत नाही, हे वाक्य गावापर्यंत पोचलं. बाप काही बोलला नाही. आई म्हणाली, जाऊ दे, आता लग्नाचं पाहू.

ती आमच्याकडे आली ती तक्रार घेऊन नव्हे. तिला दुसरीकडे काम मिळत होतं आणि त्यासाठी अनुभवाचा दाखला हवा होता. तो मागायला जायची तिला लाज वाटत होती, म्हणून सोबत कुणी येईल का, एवढंच विचारायला आली. राजीनामा का दिला, असं विचारल्यावर रडायला लागली. म्हणाली, "ताई, मी देला नाही न. माह्या हातून चूक झाली." खांद्यावर हात ठेवणाऱ्याबद्दल ती शेवटी बोलली, तेही आम्ही खोदून विचारल्यावर. तिच्या मनात मोठा अपराध तिच्या स्वतःच्या सहीचा होता.

आता या सहीकडे नीट बघू या. तक्रार कुठे करायची हे तिला माहीत नव्हतं. ते तिला सांगायचं कुणी होतं? कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ साली झाला आणि ९ डिसेंबर २०१३ पासून लागू आहे. त्याच्या १९ व्या कलमात मालकाची कर्तव्यं लिहिली आहेत. छळ केल्यास काय शिक्षा होते याचा फलक दिसेल अशा जागी लावणं, कामगारांसाठी माहितीची शिबिरं घेणं आणि तक्रार करायची असेल त्या बाईला मदत करणं, ही त्याची कर्तव्यं आहेत. म्हणजे कार्यपद्धती माहीत नसणं हा त्या मुलीचा दोष कायद्यानंही मानलेला नाही. सांगण्याची जबाबदारी ज्याच्यावर होती, त्यानं ती तर पाळली नाहीच. उलट तिच्या न समजण्याचा उपयोग करून घेतला. कागद त्याचा, शब्द त्याचे, आणि चूक मात्र तिची ठरली.

हा कायदा आपल्याला काही सहजासहजी मिळालेला नाही. राजस्थानातल्या भटेरी गावची भंवरीदेवी सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' होती. बालविवाह रोखणं हे तिच्या कामातच बसत होतं. ते काम केलं म्हणून सप्टेंबर १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. खालच्या न्यायालयानं १९९५ साली आरोपींना त्या आरोपातून सोडलं. महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. काम करताना बाईवर अत्याचार झाला तर काम देणाऱ्याची काही जबाबदारी आहे की नाही, हा त्यांचा प्रश्न होता. १३ ऑगस्ट १९९७ रोजी 'विशाखा' निकाल आला आणि मार्गदर्शक सूचना मिळाल्या. कायदा व्हायला त्यानंतर आणखी १६ वर्षं गेली. एवढ्या लढ्यातून आलेली गोष्ट लाखनी, पवनी, लाखांदूरच्या मुलीपर्यंत पोचलीच नाही, तर तिच्यासाठी ती नसल्यासारखीच.

म्हणून या कायद्याची पद्धत आपण प्रत्येकीनं तोंडपाठ केली पाहिजे. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे मालकानं अंतर्गत समिती नेमायची असते. दहाच्या आत माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. तालुक्याच्या पातळीवर तक्रार घ्यायला समन्वय अधिकारी असावा आणि त्यानं सात दिवसांत ती समितीकडे पाठवावी, असंही कायदा म्हणतो. तक्रार लेखी हवी. शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांच्या आत द्यायची, सहा प्रतींत, साक्षीदारांची नावं आणि असतील ते कागद जोडून. उशिराचं कारण समितीला पटलं तर आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढू शकते. बाईला लिहिता येत नसेल तर लिहून घ्यायला मदत करणं समितीवर बंधनकारक आहे. चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हायची असते. चौकशी चालू असताना बाई बदली मागू शकते, तीन महिन्यांपर्यंत रजा मागू शकते. कंत्राटी, रोजंदारी, शिकाऊ, बिनपगारी काम करणारी, सगळ्या यात येतात. आणि आरोप सिद्ध करता आला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही.

आमच्या या मुलीच्या बाबतीत आम्ही आधी तारखा मोजल्या. शेवटच्या प्रसंगाला अडीच महिने झाले होते. पंधरवडा हाती होता. राजीनामा दिला म्हणून तक्रारीचा हक्क जात नाही, हे तिला पटवायलाच दोन दिवस लागले. मग त्याच कार्यालयातून आधी सोडून गेलेल्या दोन मुलींची नावं तिच्याकडून कळली. एकीचं लग्न झालं होतं, एक नागपूरला होती. दोघींना भेटलो. दोघींनीही काम सोडताना लिहून दिलं होतं, 'घरगुती कारणास्तव'. दोघींनाही ते शब्द सांगण्यात आले होते. तिघींचं घर वेगळं, गाव वेगळं, आणि घरगुती कारण एकच! त्या दिवशी ती पहिल्यांदा रडली नाही, चिडली. तक्रार मुदतीत स्थानिक समितीकडे दिली. चौकशीत काय झालं हे मी सांगणार नाही, कारण ते गुप्त ठेवावं असं कायदाच सांगतो आणि ते आपल्या मुलींच्या हिताचं आहे. एवढंच सांगते की तिला तिचा राहिलेला पगार मिळाला, अनुभवाचा दाखला मिळाला, आणि आज ती दुसरीकडे काम करते. त्या कार्यालयात ती परत गेली नाही. हा पूर्ण विजय आहे असं मी म्हणणार नाही.

आता कुणी म्हणेल, हे नव्या नोकऱ्यांचं झालं. तर मग आपल्या बिडीवाल्या बायकांकडे बघा. बिडी व सिगार कामगारांचा कायदा १९६६ सालचा. त्यात नापास केलेल्या बिड्यांचा, म्हणजे छाटीचा, वाद कामगाराला सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे नेता येत होता. किती बायकांना हे माहीत होतं? ठेकेदार बिड्या बाजूला काढायचा, त्याचे पैसे द्यायचा नाही, आणि बाई घरी येऊन म्हणायची, माझाच हात बसला नाही. तिच्या मुलीही तिच्याबरोबर वळायच्या, पण नोंद एकट्या आईच्या कार्डावर. मुलीनं दहा वर्षं काम केलं तरी कागदावर ती कामगारच नव्हती. घरी बसून बिड्या वळणाऱ्या बायकांनाही भविष्य निर्वाह निधी लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८५ साली सांगितलं. तरी फंड काढायची वेळ आली की कार्डावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, असं होऊन बाई खेटे घालत राहते. लग्नात नाव बदलायची रीत पुरुषांनी केली, आणि नाव जुळत नाही ही चूक पुन्हा बाईची! २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या, तो जुना बिडी कायदा त्यांत विलीन झाला. या संहितांत कामगाराला नियुक्तिपत्र देण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. कामगारांच्या दृष्टीनं संहितांवर आक्षेप घेण्यासारखं बरंच आहे आणि संघटना तो घेत आहेत. पण नियुक्तिपत्राचं कलम आपल्या उपयोगाचं आहे. ते मागायला शिकवलं पाहिजे.

कार्यपद्धती फक्त मुलींनाच माहीत नसते असंही नाही. चौकशी करणाऱ्या समित्यांचीही तीच गत असते. गोवा विद्यापीठातल्या विद्यार्थिनींनी २००९ साली एका प्राध्यापकाविरुद्ध तक्रारी केल्या. समितीनं घाईघाईनं चौकशी उरकली, प्राध्यापकाला बडतर्फ केलं गेलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. मे २०२३ मध्ये न्यायालयानं सांगितलं की बाजू मांडायची पुरेशी संधी दिलेली नाही. बडतर्फी रद्द झाली आणि चौकशी ५ मे २००९ रोजी जिथे होती तिथून पुन्हा सुरू करा, असा आदेश झाला. चौदा वर्षं मागे! तक्रार केली तेव्हा विद्यार्थिनी असलेल्या त्या मुली तोवर किती पुढे निघून गेल्या असतील. समितीला पद्धत न कळल्याची किंमत त्यांना मोजावी लागली. त्या समितीला कुणी गावभर हसलं का? न्यायालयानं त्याच निकालात, आणि पुन्हा ३ डिसेंबर २०२४ रोजी, सर्व सरकारांना समित्या नेमण्याविषयी, त्यांची माहिती लोकांपर्यंत पोचवण्याविषयी आदेश दिले. आपल्या जिल्ह्यात त्यातलं काय झालं, हे विचारायचं काम आपलं आहे.

आणखी एक गोष्ट, जी भंडाऱ्यात बोलताना टाळता येत नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा रुग्णालयाच्या नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात आग लागली. १७ बाळं होती, सात वाचली, दहा गेली. त्या दहा आयांच्या दुःखापुढे कुठलाही युक्तिवाद मोठा नाही, आणि कामावरच्या कुणाचीही जबाबदारी झाकावी असं मी म्हणत नाही. जिल्हा शल्यचिकित्सकांचं निलंबन झालं, इतरांवरही कारवाई झाली, कंत्राटी परिचारिकांची सेवा संपवण्यात आली. पुढे सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल झाला तो दोन परिचारिकांवर. एक प्रश्न मात्र आपण विचारला पाहिजे. आग लागली तर काय करायचं, कोणतं दार उघडायचं, रात्री कुणाला बोलवायचं, याचा सराव रात्रपाळीतल्या बाईला कुणी दिलेला असतो का? तुमच्या तालुक्यातल्या दवाखान्यात, आश्रमशाळेत, राईस मिलमध्ये उद्या जाऊन विचारून बघा. अपघातानंतर कार्यपद्धतीची वही उघडली जाते आणि त्या दिवशी कामावर कोण होतं ते शोधलं जातं. सगळ्यात खालची सही बहुतेक वेळा बाईचीच असते.

तर आपण करायचं काय? माझ्या काही सूचना आहेत.

पहिली म्हणजे, हसू नका. कुणी मुलगी "मला कळलं नाही" म्हणत आली तर "शिकलेली असून?" हा प्रश्न आपल्या तोंडून निघता कामा नये. आपल्यापैकी काहीजणी तो विचारतात. तो प्रश्न ऐकला की मुलगी पुढचं सांगत नाही, आणि तीन महिने निघून जातात.

दुसरी, गावोगावच्या बचत गटांत, कॉलेजांत, शिवणवर्गांत एक तास 'कागदाचा तास' ठेवा. भाषण नको. खरे कागद हातात द्या. नियुक्तिपत्र कसं असतं, रजेचा अर्ज, राजीनामा आणि तक्रार यांत फरक काय, ते वाचून दाखवा. 'कार्यमुक्त', 'स्वेच्छेने', 'माझी काही तक्रार नाही', 'पूर्ण रक्कम मिळाली' हे शब्द फळ्यावर लिहा आणि त्यांचा अर्थ मुलींनाच विचारा. प्रत्येक मुलीला दोन प्रतींत अर्ज लिहून एकीवर तारखेसह पोच घ्यायला लावा. मुली आधी लाजतात, मग त्यांना मजा येते.

तिसरी, पाच नियम पाठ करून घ्या. कोऱ्या कागदावर सही नाही. दुसऱ्यानं सांगितलेला मजकूर तिथल्या तिथे लिहून द्यायचा नाही. "घरी वाचून उद्या देते" म्हणायचं. दिलेल्या प्रत्येक कागदाची प्रत घरी. कामाच्या तारखा आणि मिळालेला पगार स्वतःच्या वहीत. काही खटकलं तर त्याच दिवशी तारीख, वेळ, काय झालं, कोण होतं, हे त्याच वहीत.

चौथी, आपल्या तालुक्यातली प्रत्येक दुकानं, दवाखाना, शाळा, पतसंस्था यांची यादी करा आणि तिथे फलक लावला आहे का ते बघा. नसेल तर मालकाला लेखी विचारा. कर्तव्य न पाळणाऱ्या मालकाला ५०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, हेही त्याला नम्रपणे कळवा. स्थानिक समितीच्या सदस्यांची नावं आणि पत्ता मिळवून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. आणि आपल्या स्वतःच्या संस्थांनाही हेच लागू आहे. आपल्या किती संस्थांत अंतर्गत समिती आहे? आपल्या गावपातळीवरच्या कार्यकर्तीला आपण नियुक्तिपत्र दिलं आहे का? चळवळ आहे, तिथे कागद कशाला, असं आपण म्हणतो. मालकही हेच म्हणतो की आपण सगळे घरचेच, कागद कशाला.

हे सगळं केलं तरी मुलींच्या हातून चुका होतीलच. पहिल्या नोकरीत कुणाच्या होत नाहीत? मुलग्याची चूक झाली तर वरिष्ठ म्हणतात, शिकेल हळूहळू. मुलीची झाली तर तिला घरी बसवायचं निमित्त मिळतं. मुलीलाही हळूहळू शिकायची तेवढीच मुभा असली पाहिजे, आणि ती तिला मिळेपर्यंत तिच्या शेजारी बसून कागद वाचणारी कुणीतरी असली पाहिजे. दुपारच्या गटचर्चेसाठी मी राजीनामा, रजेचा अर्ज आणि तक्रार यांचे नमुने आणले आहेत. प्रत्येक गटानं ते मोठ्यानं वाचावेत, आणि जो शब्द कळणार नाही त्याच्याखाली न लाजता रेघ ओढावी. तिथून सुरुवात करू.